विंचवाचं बी

आमच्या गल्लीत घड्याळ एकच,
बाबालाल मुल्लांच्या सायकल दुकानात,
आणि तेही सव्वा तासानं मागं.
कुणाचं काही अडायचं नाही.
पायताणांवरनं वेळ कळायची.

पहाटे तालमीतनं येणारी पोरं अनवाणी,
त्यांची नुसती धपधप.
साडेसहाला हिंदुराव मास्तर,
डावी चप्पल वाजणारी, उजवी मुकी,
गल्लीतनं अर्धाच माणूस गेल्यासारखा.
आणि संध्याकाळी पावणेसहाला आण्णा.
उद्यमनगरातली फौंड्री सुटली की
पाण्याच्या हौदापासनं ऐकू यायचं
कर्र, कर्र, कर्र,
की माझे गजगे परकरात,
थोरल्याचा भोवरा कोनाड्यात,
रेडिओचा कान पिळलेला,
आणि आम्ही तिघं ओळीनं पुस्तकं उघडून,
माझं बहुतेकदा उलटं.
चुलीपुढनं आई "आलो, आलो" म्हणायची,
कुणी हाक मारलेली नसताना.

चपला शिवल्या होत्या रावबा सातपुतेनं.
"तळात विंचवाचं बी घातलंय,
वाघ आल्यागत वाटंल बघा."
मला वाटायचं, खराच विंचू आहे आत.
रात्री सगळे निजले की
मी उंबऱ्यापाशी जाऊन चपलेला कान लावायची.
करडीचं तेल, भट्टीची रेती, घाम.
बोटानं दाबून बघायची. गप्प.
दोन्ही हातांनी दाबून बघायची. गप्प.
माणसाचं वजन लागायचं त्याला.

मी चौथीत. श्रावणातला सोमवार, शाळा अर्धी.
दारातच गजगे मांडलेले,
एक वर उडवला आणि त्याच्या मागं बघितलं
तर आण्णा उभे.
कसलाही आवाज नाही.
गजगा गटारीत गेला.
मी मार खायला गाल पुढं केला.
ते खाली बसले, उरलेले चार उचलले,
म्हणाले, "माझ्या आईला पाच यायचे झेलायला."
आणि एकही झेलता आला नाही त्यांना.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेलं मला.
म्हशीच्या पोटाखाली पितळी पेला,
धारेचा आवाज आधी बारीक, मग जाड,
वर बोटभर फेस.
पेला एकच घेतला.
"तुम्हाला?"
"मला बाधतंय दूध."
दर शनिवारी दोन पेले रिचवणारा माणूस.
ओठांवरचा फेस पुसला मी,
आणि ते दुसरीकडं बघत राहिले, म्हशीच्या शिंगांकडं.

मग सात महिने
आम्ही वाट्टेल तेवढं खेळलो.
संध्याकाळ कधी झाली ते कळायचंच नाही.
थोरला रेडिओ लावून सरळ झोपायचा.
आईचं मात्र भाकरी थापताना
मध्येच हात थांबायचे,
दाराकडं बघायची, पुन्हा थापायची.
त्या वर्षी बऱ्याच भाकरी करपल्या.
शिवणाचं मशीन आलं घरात, आणि तिच्या हातातल्या
पाटल्या कुठं गेल्या, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

शिमगा झाला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी
हौदापासनं
कर्र.
आम्ही तिघंही ताठ.
कर्र, कर्र.
काय धांदल उडाली! भोवरा पाण्याच्या घागरीत पडला,
मी पुस्तक समजून पंचांग उघडलं,
आणि आई "आलो, आलो" म्हणाली
एवढ्या मोठ्यानं की मुल्लांनी दुकानातनं ओ दिली.

खूप वर्षांनी, आण्णा गेल्यावर,
रावबाच्या टपरीत बसले होते.
नजर गेलेली त्याची, बोटं मात्र चामड्यावर चालू.
म्हणाला, "तुझा बा एक दिवस दुपारी आला.
म्हणाला, बी काढ.
दोन वाजता वाजत घरला कसं जायचं,
गल्ली इचारंल की.
खिळ्याच्या डबीत ठेवलं मी ते. त्याचंच व्हतं.
काढायचं पैसं घेतलं न्हाईत.
परत घालायचं मातर घेतलं, चार आणे.
त्यानं दिलं आठ."

परवा गेले होते गल्लीत.
सगळ्यांच्या पायांत आता रबर.
कोण कामावरनं आलं,
कोण कधीपासनं घरीच आहे,
काही म्हणता काही ऐकू येत नाही.